पुढच्या वर्षी तिला कोण अडवणार?

(संघटनेच्या मेळाव्यात ‘बाई आणि खेळ’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मघाशी चहाच्या वेळी एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, मोटरसायकलच्या शर्यती आणि आपला काय संबंध? धूर, आवाज, पेट्रोलची नासाडी आणि श्रीमंतांच्या पोरांचे चोचले!” तिचं सगळंच काही चूक नाही. पण मी आज शर्यतींची भलामण करायला उभी नाही. शर्यत संपल्यावर ती बघणारे लोक जे बोलतात, त्याबद्दल मला बोलायचंय. गेली कित्येक वर्षं ते बोलणं मी जवळून ऐकते आहे, त्यात तोंडही घालते आहे.

माझ्या भाच्याचं पुण्यात दुचाक्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. रविवारी शटर अर्धं खाली ओढून त्याचे सात-आठ मित्र तिथं शर्यती बघायला जमतात. मला एकटीला खुर्ची, बाकीचे जुन्या टायरांवर. मी तिथं सगळ्यांचीच आत्या. माझ्या तरुणपणी घरात भावाची राजदूत होती आणि माझ्यासाठी लूना. राजदूतला हात लावायचा नाही, कारण ती ‘गिअरची’. पुण्यातल्या बायका दुचाकीवर बसतात याचं आपल्याला केवढं कौतुक! पण कुठली दुचाकी बाईची आणि कुठली बाप्याची, हे कुणी न सांगता ठरलेलंच होतं. तर ती राजदूतची हौस मी आता अशी भागवते.

शर्यतीचे शौकीन काय बोलतात? कोण जिंकलं, हे पहिली पाच मिनिटं. मग गाडी, टायर, पाऊस, कुणी कुणाला वळणावर आत घुसून ढकललं. आणि विजेतेपदाचा निकाल लागला की त्याच संध्याकाळी सुरू होतं पुढच्या वर्षाचं. कोण कुठल्या टीममध्ये जाणार, कोणाचं कोणाशी जुंपणार. माझ्या मते शौकिनाचा खरा आनंद तिथंच असतो. २०१५ साल आठवा. म्हणजे तुम्हाला आठवणार नाही, आमच्या गॅरेजला आठवतं! मलेशियात सेपांगला व्हॅलेंतिनो रॉसी आणि मार्क मार्केझ एकमेकांना भिडले, मार्केझ पडला, रॉसीला दंड झाला आणि व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत त्याला सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. होर्हे लोरेन्झो पाच गुणांनी जगज्जेता झाला. त्यावर आमच्याकडे महिनाभर रणं माजली. दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. पण एवढ्या भांडणात कुणी म्हणालं नाही, की पुरुषांना राग आवरत नाही, त्यांना या खेळात घ्यावं का?

आता २०१८ कडे येते. जगज्जेतेपदाच्या सुपरबाइक शर्यतींबरोबर सुपरस्पोर्ट ३०० नावाचा लहान गाड्यांचा एक गट २०१७ पासून धावायचा. त्यात बाई-पुरुष वेगळे नव्हते. स्पेनमधल्या मुर्सिया भागातली आना कारास्को, जन्म १९९७ चा, त्यात कावासाकीवर धावत होती. २०१७ मध्ये पोर्तुगालला पोर्तिमाओत तिनं एक शर्यत जिंकली होती. पुरुषांबरोबरच्या एकेरी मोटरसायकल शर्यतीत जागतिक पातळीवर बाई जिंकल्याची ती पहिली वेळ. २०१८ च्या आठ शर्यतींपैकी इटलीतली इमोला आणि इंग्लंडमधली डॉनिंग्टन तिनं जिंकल्या. शेवटची शर्यत ३० सप्टेंबरला फ्रान्समध्ये, मान्यी-कूरला.

ती शर्यत मी नखं कुरतडत बघितली. आना मागच्या रांगांतून निघालेली. पुढं मिका पेरेस पहिल्या जागेसाठी झगडतोय, आणि तो पहिला आला की विजेतेपद त्याचं. स्कॉट डेरू हा डच स्पर्धक, तोही दावेदार, पण त्याची गाडी बिघडली आणि तो बाद झाला. आनानं एकेक जण मागं टाकत तेरावी जागा गाठली. तेराव्या जागेला तीन गुण. आणि अगदी शेवटी दानिएल वायेनं पेरेसला मागं टाकलं. पेरेस दुसरा. हिशेब लागला, आनाचे ९३ आणि पेरेसचे ९२. एका गुणानं ती जगज्जेती झाली. एकेरी मोटरसायकल रोड रेसिंगमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी पहिली बाई.

मी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी वाजवल्या. आणि मग सुरू झालं.

पहिला म्हणाला, “तेरावी येऊन कसली चॅम्पियन, आत्या?” मी त्याला म्हटलं, बाबा रे, १९९९ साली १२५ सीसीत एमिलिओ अल्झामोरा वर्षभरात एकही शर्यत न जिंकता जगज्जेता झाला होता, आणि तोही मार्को मेलांद्रीवर एकाच गुणानं. त्याला कुणी विचारलं का, कसला चॅम्पियन म्हणून? हिनं तर दोन जिंकल्यात. तो गप्प झाला. पण दुसरा तयारच होता, “गाडी कावासाकीची. त्या गाडीवर कुणीही जिंकेल.” आता हे समजून घेण्यासारखं आहे. या गटात निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या ताकदीच्या गाड्या एकत्र धावत. त्या बरोबरीत आणण्यासाठी आयोजक इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा घालत, वजन वाढवायला लावत. त्या वर्षी कावासाकीची निन्जा ४०० भारी पडते असं दिसल्यावर हंगामाच्या मधेच तिच्या फेऱ्या कमी केल्या गेल्या. आणि डेरूही कावासाकीवरच होता की! गाडीच जिंकवत असेल तर तो का नाही जिंकला? (या पोरांच्या पोटदुखीला आणखी एक कारण होतं. केटीएमच्या ३९० जातीच्या गाड्या आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होतात. केटीएमही या गटात होती. आमच्यापैकी दोघांच्या घरचे चाकणला कामाला. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं हा गावकीचा सामना होता.)

तिसऱ्यानं मात्र हुकमी पान काढलं. “बाई हलकी असते. वजन कमी, म्हणून गाडी पळते.”

मैत्रिणींनो, या वजनाच्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे. १९६२ साली बेरिल स्वेन नावाची इंग्लिश बाई आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत ५० सीसीच्या इटोम गाडीवर उतरली. एकटीनं गाडी चालवत तिथं धावलेली ती पहिली बाई. बाविसावी आली. पुढच्या वर्षी जास्त चांगलं करीन म्हणून ती तयारीला लागली. पण स्वारासाठी किमान वजनाचा नियम आला. बेरिल त्यात बसेना आणि तिचा आंतरराष्ट्रीय परवाना गेला. बायकांसाठी हा खेळ धोक्याचा, हे त्यामागचं खरं कारण. म्हणजे १९६२ मध्ये बाई हलकी म्हणून नालायक, आणि २०१८ मध्ये बाई हलकी म्हणून फुकटची विजेती. तराजू तोच, माप बदललेलं. आपल्या घरांतही हे चालतंच. सून बारीक असली तर कामाला झेपत नाही, आणि काम झेपलं तर म्हणे तिला काय, अंगानं हलकी, पळत सुटते!

वजनाचा फायदा मिळतो हे खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. हलका स्वार असला की छोटं इंजिन लवकर वेग घेतं. म्हणून तर मोटो-३ या गटात गाडी आणि स्वार मिळून किमान १५२ किलो भरावं लागतं. स्वार हलका असेल तर गाडीवर वजन चढवा. चढवलेलं वजन वळणावर स्वत:हून झुकत नाही, स्वाराचं शरीर झुकतं. म्हणून ते ओझं हलक्या स्वाराला जडही जातं. पण शौकिनांचा अनुभव असा, की एखादा सडपातळ पोरगा जिंकला की म्हणतात, “काय फिटनेस आहे!”

त्या रात्री घरी येताना माझ्या लक्षात आलं, की आज एक गोष्ट झालीच नाही. पुढच्या वर्षाचं कुणी बोललंच नाही. २०१९ मध्ये आनाला कोण टक्कर देईल, ती टीम बदलेल का, डेरू उट्टं काढेल का, काहीच नाही. अडीच तास फक्त एवढंच, की तिचं विजेतेपद खरं की खोटं. जी उभी राहण्याच्या लायकीची आहे की नाही याचाच निकाल लागत नाही, तिची पुढच्या वर्षीची लढत कोण रंगवणार? मला तेराव्या जागेच्या टोमण्याहून हे जास्त लागलं.

पुढचं भराभर सांगते. २०१९ मध्ये ती तिसरी आली. सप्टेंबर २०२० मध्ये पोर्तुगालला एस्तोरिलमध्ये सराव करताना पडली आणि पाठीचे दोन मणके मोडले. जून २०२१ मध्ये इटलीत मिसानोला तिनं परत शर्यत जिंकली. त्या दिवशी मात्र गॅरेजमध्ये सगळे उठून उभे राहिले होते. दुखापतीतून उठलेल्या माणसाला हे शौकीन लगेच आपलं म्हणतात. आपल्याकडच्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेचंही तसंच झालं. २०१८ मध्ये स्पेनमधल्या वाळवंटी शर्यतीत तिच्या स्वादुपिंडाला इजा झाली. २०१९ मध्ये ती परतली आणि एफआयएमच्या बाहा विश्वचषकात महिला गटाची विजेती झाली, पोर्तुगालच्या रीटा विएराहून चार गुणांनी पुढं. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. वर्तमानपत्रांनी तिची मोडलेली हाडं मोजून मोजून छापली. रीटा विएराचं नाव कितीजणींनी वाचलंय? कुणाशी लढून जिंकली हे सांगितलं नाही, तर ती लढली हे तरी कसं कळावं? बाईचा विजय म्हणजे नशिबावर मात, व्याधीवर मात. दुसऱ्या माणसावर मात केली असं म्हणायला लोकांची जीभ अडखळते.

आता २०२४. आंतरराष्ट्रीय महासंघानं फक्त बायकांसाठी जगज्जेतेपदाची मालिका सुरू केली. सगळ्यांना एकाच जातीची गाडी, यामाहा आर-७. टायर सारखे. हे ऐकून मला, खरं सांगते, आनंद झाला नाही. जिनं पुरुषांना हरवून दाखवलं तिला परत बायकांच्या डब्यात बसवायचं? आपल्या अभ्यास-मंडळातही मी हे बोलले होते. तेव्हा मुंबईच्या मैत्रिणी माझ्यावर तुटून पडल्या. म्हणाल्या, “लोकलच्या बायकांच्या डब्याला नावं ठेवणारी बाई बहुधा गर्दीच्या वेळी प्रवास न करणारी असते.” पटलं. कारण पुरुषांबरोबर धावायची मुभा असून या मुली तिथवर पोचत किती होत्या? स्वत: आना २०१४ मध्ये मोटो-३ मधल्या शेवटच्या काही शर्यतींना मुकली होती, पैशांपायी. गाडी, मेकॅनिक, टायर, प्रवास, सगळ्याला पुरस्कर्ता लागतो आणि पुरस्कर्ता मुलीवर पैसे लावताना दहादा विचार करतो. नव्या मालिकेतही प्रवेशाला २५,००० युरो होते, म्हणजे गरिबाची मुलगी इथंही नाहीच. हे मी विसरलेले नाही. पण पंचवीसेक मुली एका रांगेत इंजिनं चालू करून उभ्या आहेत, हे जूनमध्ये मिसानोला बघितलं तेव्हा माझा विरोध बराच पातळ झाला.

आणि पहिल्याच शर्यतीपासून एक गोष्ट घडली. गाडीचं बोलणंच संपलं. सगळ्यांची गाडी तीच, वजनाचा आणि बाईपणाचाही मुद्दा उरला नाही, कारण हरणारीही बाईच. मग गॅरेजमध्ये पोरं काय बोलणार? ती नाइलाजानं शर्यतीबद्दल बोलू लागली! कोण ब्रेक उशिरा लावते, कोण सरळ रस्त्यावर दुसरीच्या मागं हवेच्या आडोशाला राहून शेवटच्या क्षणी बाहेर निघते. वर्षभर लढत मुख्यत: दोघींत होती. आना कारास्को आणि मारिया एरेरा. मारियाही स्पॅनिश, वयानं आनाहून थोडी मोठी. २०१३ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय मोटो-३ मालिकेत शर्यत जिंकणारी पहिली मुलगी. त्याच वर्षी आनानं जागतिक मोटो-३ मध्ये गुण मिळवले, तेही कुठल्या मुलीनं प्रथमच. २०१५ मध्ये दोघी मोटो-३ च्या जागतिक मालिकेत पुरुषांच्या घोळक्यात धावत होत्या, बऱ्याचदा मागं. म्हणजे दहा-बारा वर्षं एकमेकींना ओळखणाऱ्या या दोघी. ऑक्टोबरमध्ये स्पेनलाच, हेरेसला निकाल लागला. आना पहिली, मारिया दुसरी.

त्या रात्री भाच्याचा एक मित्र हसत म्हणाला, “दोघींचं पटत नाही म्हणे. बाईच बाईची शत्रू.”

मी चिडले. घरी येऊन विचार करत बसले, की बाईच्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या मराठीत शब्द कोणते? सवत. जाऊ. नणंद-भावजय. सगळी नाती एका पुरुषाच्या दोन बाजूंना उभी. भांडण कशावरून, तर त्याच्या मर्जीवरून, चुलीवरून, खोलीवरून, दागिन्यावरून. मोजकंच काहीतरी आहे आणि ते देणं तिसऱ्याच्या हातात आहे, म्हणून या दोघी एकमेकींच्या उरावर. त्या भांडणाला आपण चळवळीत बरोबर ओळखलं आणि भगिनीभावाची भाषा आणली. पण त्यात आपण बायकांची चुरस म्हटली की बिचकायला लागलो. आपल्याच कार्यशाळांत मी बघितलंय, एखादीला पुढं व्हायचं असतं, दुसरीला हरवायचं असतं, आणि ती ते कबूल करत नाही. मग ते खालून, आडून बाहेर येतं. आना आणि मारियामध्ये कुणाची मर्जी नव्हती. घड्याळ होतं. मारिया दुसरी आली ती इतक्या सेकंदांनी, आणि त्यात ना सासूचा हात ना नवऱ्याचा. त्यांचं एकमेकींशी पटतं की नाही मला ठाऊक नाही आणि त्याची चौकशी मी करणार नाही. रॉसी आणि मार्केझचं पटतं का, असं गालातल्या गालात हसत कुणी विचारत नाही. त्यांच्या वैराला हे लोक महाकाव्य म्हणतात.

हे सगळं मी पुढच्या रविवारी त्या मुलाला सुनावलं. तो म्हणाला, “सॉरी आत्या, पण तुम्ही लेक्चर फार देता.” तेही खरंच.

त्याच रविवारची गोष्ट सांगून संपवते, अध्यक्षताई घड्याळाकडे बघताहेत. गॅरेजच्या समोरच्या इमारतीत एक मुलगी राहते, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते. ती शटरखालून वाकून आत आली आणि टायरवर बसली. बातमी आली होती, की आना हा गट सोडून २०२५ ला होंडाकडून सुपरस्पोर्टमध्ये, म्हणजे परत पुरुषांबरोबर आणि मोठ्या गाडीवर जाणार. लगेच एकाचं सुरू झालं, “तिथं ती मागं पडणार.” (पडलीच. वरच्या जागांवर तिचं नाव दिसलं नाही.) त्याचं बोलणं अर्धवट असतानाच ही मुलगी म्हणाली, “ते जाऊ द्या. आना नसली तर पुढच्या वर्षी मारियाला अडवणार कोण?”

आणि मैत्रिणींनो, रात्री साडेदहापर्यंत वाद चालला. भाचा म्हणाला कुणी नाही, मारिया सरळ खिशात घालणार. मुलीचं म्हणणं, बेआत्रिस नेइला अडवेल. एकानं सारा सांचेझचं नाव घेतलं. चाकणवाला म्हणाला, इटालियन मुलींना विसरू नका, त्यांच्याकडे ट्रॅक जास्त आहेत. कोण ओल्या रस्त्यावर चांगली, कोण घाई करून पडते, कुणाला शेवटची फेरी जमत नाही. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. माझी गरजच नव्हती. कुणीही एकदाही विचारलं नाही, की या मुलींनी हे करावं का.

पैज मिसळीची लागली होती. २०२५ मध्ये नेइलानं मारियाला चांगलं पळवलं, पण किताब मारिया एरेरानंच घेतला. मुलगी हरली आणि तिनं आठ जणांना मिसळ खिलवली. पैसे कमी पडले तेव्हा माझ्याकडून दोनशे रुपये उसने नेले. अजून परत केलेले नाहीत. परवा विचारलं तर म्हणाली, “आत्या, पुढच्या हंगामात नेइलावरच लावते, जिंकले की देते.” मी सांगितलं, माझे पैसे मारियावर.

आता तुम्ही प्रश्न विचारा.